हेलपाटा मोजायला शिकू या: सेवा सुधारते म्हणजे नेमकं काय होतं?

जूनमधला सोमवार होता. जांबोटीकडच्या एका गावाहून एक आजोबा आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर आले. खांद्यावरच्या घोंगडीतून पाणी ठिबकत होतं. कागद मात्र कोरडे होते. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिच्यावर दुसरी पिशवी आणि वर रबर. त्यांच्या मुदत ठेवीची मुदत संपली होती आणि भात लावणीच्या मजुरीला पैसे हवे होते. ही त्यांची तिसरी खेप. पहिल्या खेपेला आधारची झेरॉक्स नाही म्हणून आम्ही त्यांना परत पाठवलं होतं. दुसऱ्या खेपेला पॅन कार्ड नसल्याने भरावा लागणारा फॉर्म आणि फोटो राहिला होता. या वेळी सगळं होतं. मी पावती उघडली. पावतीवर ‘ज्ञानोबा’ आणि आधारवर ‘ज्ञानेश्वर’.

‘आजोबा, बाँड पेपरवर प्रतिज्ञापत्र लागेल, दोन्ही नावं तुमचीच आहेत म्हणून,’ मी म्हटलं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पिशवीला रबर लावत एवढंच म्हणाले, ‘बाई, काय काय लागतंय ते एकदाच सांगा की सगळं. बायकोला बस फुकट हाय, मला न्हाई.’

चौथ्या खेपेला त्यांना पैसे मिळाले. लावणी तोवर उसन्या पैशांवर उरकली होती.

बेळगावातल्या या छोट्या संस्थेच्या काउंटरवर मी सतरा वर्षं बसते आहे. आमच्या भिंतीवर ‘ग्राहकसेवेत सातत्याने सुधारणा’ अशी पाटी आहे. हे शब्द हल्ली बँकेत, दवाखान्यात, वीज बिलाच्या खिडकीवर सगळीकडे दिसतात. लोक ते वाचतात आणि रांगेत उभे राहतात. त्या आजोबांच्या चारही खेपा त्याच पाटीखाली झाल्या. ही सुधारणा म्हणजे नक्की काय असते, ती कशी करतात आणि आपल्या भागात ती कुठे अडते, हे मी तेव्हापासून समजून घेते आहे. जे समजलं ते इथे मांडते.

आधी ‘सेवेची रचना’ म्हणजे काय ते पाहू

वस्तूची रचना डोळ्यांना दिसते. खुर्ची कशी बनवली आहे ते बसल्यावर कळतं. सेवेचीही रचना असते, फक्त ती वेळेत पसरलेली असते. ग्राहकाने घरी ‘आज बँकेत जाऊ’ असं ठरवल्यापासून काम उरकून तो घरी पोचेपर्यंत जे जे घडतं, ते सगळं त्या रचनेत येतं: बस, जिना, कुणाला विचारायचं, कुठला फॉर्म, कोणाची सही, किती वेळ उभं राहायचं.

बँकेत काम केलेल्या लिन शोस्टॅक या अमेरिकन बाईंनी १९८४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडलं की घराचा नकाशा काढतात तसा सेवेचाही काढता येतो. उदाहरण घेतलं कोपऱ्यावरच्या बूटपॉलिशचं. बूट पुसणं, पॉलिश लावणं, चमकवणं, पैसे घेणं या पायऱ्या ओळीने लिहायच्या आणि मधे एक आडवी रेघ मारायची. रेघेच्या वर ग्राहकाला दिसतं ते, खाली दिसत नाही ते. नाटकाच्या पडद्यासारखीच ही रेघ. आम्ही आमच्या ठेव परतीचा असा नकाशा कागदावर काढला, तेव्हा रेघेच्या वर चार पायऱ्या निघाल्या आणि खाली अकरा. आजोबांच्या खेपांची कारणं सगळी खालच्या भागात होती, आणि त्यातलं त्यांना आधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

‘सतत’ सुधारणा, म्हणजे किती?

रोज थोडी. जपानी भाषेत याला कायझेन म्हणतात. ‘काय’ म्हणजे बदल, ‘झेन’ म्हणजे चांगला. १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानी शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांच्या संघटनेच्या बोलावण्यावरून तिथे व्याख्यानं द्यायला गेले. त्यांच्या शिकवणीतून रुजलेलं चक्र चार पावलांचं आहे: काय बदलायचं ते ठरवा, छोट्या प्रमाणात करून बघा, काय झालं त्याचा अभ्यास करा, जमलं तर पक्कं करा, नाही तर सोडून द्या. मग पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडे मांडे करायला शिकलेल्या बाईला हे चक्र वेगळं शिकवावं लागत नाही. पहिला मांडा हातावरच फाटतो. म्हणून कोणी चूल बदलत नाही. कणीक थोडी सैल करायची, पुन्हा हातावर फिरवायचा, खापरावर टाकायचा, कुठे जाड राहिला ते बघायचं. कार्यालयांत मात्र आपण नेमकी चूल बदलतो. नवं फर्निचर, काचेचं दार, टोकनचं यंत्र, उद्घाटन. आत कणीक तीच.

टोयोटा कारखान्यातल्या ताइची ओनो यांची एक सवय सांगतात. ते जमिनीवर खडूने गोल काढायचे आणि नव्या इंजिनिअरला त्यात उभं करायचे. काही करायचं नाही, नुसतं बघायचं. संध्याकाळी विचारायचे, काय दिसलं? मी एका मंगळवारी दुपारी हे करून पाहिलं. काउंटर सोडून दाराजवळच्या बाकावर ग्राहकांच्यात बसले. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला दिसलं, की ‘चौकशी’ ही पाटी खांबामागे आहे आणि आत येणारा प्रत्येक नवा माणूस आधी शिपाईमामांकडे वळतो. आमचे खरे चौकशी अधिकारी तेच होते, आणि त्यांना आम्ही काहीच शिकवलेलं नव्हतं.

हेलपाटा: एका शब्दात सगळा आजार

सेवेच्या जगात जॉन सेडन या इंग्रज अभ्यासकाने एक मोलाचा फरक दाखवला. काउंटरवर येणारी मागणी दोन जातींची असते. एक खरी: ‘मला पैसे काढायचे आहेत.’ दुसरी बिघाडातून आलेली: आधीच्या वेळी काम नीट झालं नाही म्हणून, किंवा नीट सांगितलं नाही म्हणून, पुन्हा यावं लागलं. दुसरीसाठी त्यांना नवा शब्द घडवावा लागला. आपल्याकडे तो आधीपासून आहे, हेलपाटा. हेलपाटा म्हणजे नुसती खेप नव्हे, फुकट गेलेली खेप. त्यात बसचं भाडं आहे, बुडालेला रोज आहे, आणि ‘आपल्यालाच काही कळत नाही’ अशी लाजही आहे. ही लाज मला सगळ्यात जास्त बोचते, कारण चूक आमची असते आणि मान ग्राहकाची खाली जाते.

गर्दी दिसली की आपण म्हणतो, काम वाढलं. पण त्या गर्दीतली किती माणसं हेलपाट्याची आहेत, हे कुणी मोजत नाही. आमच्या दिवसाच्या अहवालात ‘आज इतके ग्राहक’ असं लिहिलं जातं. आजोबा त्यात चार वेळा मोजले गेले. कागदावर आम्ही चौपट सेवा दिली.

गिरणीचं गणित

इथे थोडं गणित आहे, पण पिठाच्या गिरणीत उभं राहून ते सहज कळतं.

समजा एका गिरणीची ताकद तासाला १० डबे दळायची आहे आणि तासाला सरासरी ९ डबे येतात. वाटेल, काही अडचण नाही, एकाची जागा शिल्लकच आहे. पण डबे शाळेतल्या मुलांसारखे ओळीने येत नाहीत. कधी पंधरा मिनिटं कुणीच येत नाही, मग एकदम चार जण. कुणाचं दोन किलो, कुणाचं दहा. गिरणी रिकामी राहिली तो वेळ बरणीत भरून ठेवता येत नाही, आणि नंतर आलेली गर्दी मागे साचत जाते. अशा बेभरवशाच्या येण्या-जाण्याचा हिशेब मांडला, तर तासाला ९ डबे येणाऱ्या गिरणीत डबा ठेवल्यापासून पीठ हातात यायला सरासरी १ तास लागतो. तासाला ८ डबे आले, तर ३० मिनिटं. आणि ५ आले, तर १२ मिनिटं.

नऊवरून आठ. एकच डबा कमी, आणि वेळ निम्मा. हे गणित नवं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ पासून रांगांचं शास्त्र मांडायला सुरुवात केली, तेव्हा प्रश्न होता फोन जोडून मिळायला लोक किती वेळ थांबतील याचा.

आता डब्याच्या जागी माणूस ठेवा. रांगेतल्या नऊ जणांत एक जरी हेलपाट्याचा असेल आणि तो हेलपाटा वाचवता आला, तर उरलेल्या आठ जणांचा वेळ अर्ध्यावर येऊ शकतो, नवा कारकून न नेमता आणि नवं यंत्र न घेता. म्हणून मी म्हणते, आधी हेलपाटा मोजा.

घड्याळ सुरू कधी होतं?

कर्नाटकात सरकारी सेवांसाठी सकाल नावाचा कायदा आहे. कायदा २०११ चा, २ एप्रिल २०१२ पासून ११ खात्यांच्या १५१ सेवांना तो लागू झाला. अर्ज दिला की १५ आकडी क्रमांक मिळतो, प्रत्येक कामाला मुदत ठरलेली असते, आणि मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. चांगला कायदा आहे. काम अडलं तर तो क्रमांक मागून घ्याच.

पण त्याचं घड्याळ कधी सुरू होतं बघा. अर्ज स्वीकारून क्रमांक मिळाल्यावर. आपले बहुतेक हेलपाटे त्याच्या आधी होतात: ‘हा कागद नाही’, ‘झेरॉक्स आणा’, ‘साहेब आज नाहीत’. ते कुठल्याच नोंदीत येत नाहीत. मुदतीच्या तक्त्यात सगळं वेळेत दिसतं आणि खिडकीबाहेर माणूस तिसऱ्यांदा आलेला असतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कुठलीही सेवा जे मोजते तेच सुधारते, म्हणून घड्याळ ग्राहकाने घराचं दार ओढल्यापासून सुरू झालं पाहिजे.

उलट एक चांगलं उदाहरणही इथलंच आहे. २००० च्या सुमारास भूमी प्रकल्पात राज्यातले सुमारे दोन कोटी जमिनीचे उतारे संगणकावर चढले. त्याआधी ते हजारो तलाठ्यांच्या दप्तरांत होते. १५ रुपयांत तालुक्याच्या खिडकीवर उतारा मिळू लागला, याचीच सगळीकडे चर्चा झाली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमाने घ्यायचे, हे संगणकातच बसवलं होतं. मधला अर्ज उचलून ओळखीच्या माणसाचं काम आधी करणं कारकुनाला अवघड झालं. हेलपाटा कधी कधी मुद्दाम घालायला लावलेला असतो, हे ओळखून केलेली ती रचना होती.

‘सीमाभागात अडचण भाषेची आहे, त्याला ही सुधारणा काय करणार?’

हा आक्षेप मी रोज ऐकते, आणि तो अर्धा बरोबर आहे. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगावकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना मराठी वाचता येतं, कानडी येत नाही. समोर कानडी फॉर्म आला की ते दुसऱ्याच्या हातात जातात. घटनेच्या ३५० व्या कलमाने आपल्याला गाऱ्हाणं मांडायचा हक्क राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत दिला आहे. तो हक्क सोडू नये. मराठीत परिपत्रकं मागणाऱ्यांची मागणी न्याय्य आहे, असं मी स्पष्ट म्हणते.

पण काउंटरवर बसून मी दुसरी बाजूही बघते. बैलहोंगलकडून आलेल्या, घरी फक्त कानडी बोलणाऱ्या अक्कालाही तोच कानडी फॉर्म कळत नाही. कारण ती कचेरीची कानडी आहे, चुलीजवळची नाही. मराठीत भाषांतर करून ‘उपरोक्त धारकाच्या नामनिर्देशित व्यक्तीचा तपशील’ असं छापलं, तर आजोबांचा हेलपाटा वाचत नाही. ‘तुमच्यामागे पैसे कुणाला द्यायचे? त्यांचं नाव इथे लिहा,’ असं दोन्ही भाषांत लिहिलं तर वाचतो. २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकान-संस्थांच्या नामफलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो. आतल्या भिंतीवर काय काय आणायचं ते चित्रांनी दाखवायला कुणाची हरकत नाही. आधार कार्डाचं चित्र सगळ्यांना ओळखू येतं.

नावांचं मात्र खरंच आपल्याच भागाचं दुखणं आहे. मराठी नाव, कानडीत नोंद, इंग्रजीत छापील कार्ड. ‘ज्ञ’ बघा. मराठी माणूस इंग्रजीत ‘डी-एन-वाय-ए’ लिहितो. कानडी वळणाने लिहिणारा ‘जे-एन-ए’ किंवा ‘जी-एन-ए’ लिहितो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ‘लक्ष्मी’ची ‘लक्ष्मीबाई’ होते, कुठे ‘लक्ष्मव्वा’ होते. ‘यल्लप्पा’त एक ‘प’ की दोन? संगणकाला एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही. हा दोष ग्राहकाचा नाही, हे प्रत्येक कारकुनाने मनाशी पक्कं धरलं तर त्याचा आवाजसुद्धा बदलेल.

‘सगळं ऑनलाइन केलं की संपलं ना?’

नाही. ऑनलाइनने चालणं वाचतं, हेलपाटा वाचेलच असं नाही. ‘अर्ज नामंजूर’ एवढाच संदेश आला आणि कारण कळलं नाही, तर माणूस सेवा केंद्रावर जातो, पुन्हा पैसे भरतो, पुन्हा अंगठा लावतो. शेतात राबून बोटांवरच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा यंत्र पटकन घेत नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट पहिल्या दिवसापासून आखलेली हवी. बिघडलेली पद्धत संगणकावर चढवली की ती जलद बिघडते.

‘तक्रारपेटी आहे की आमच्याकडे!’

आमच्याकडेही आहे. तिच्यात वर्षभरात एक चिठ्ठी निघाली, पंखा दुरुस्त करा म्हणून. हेलपाटा घातलेला माणूस तक्रार लिहीत नाही, तो घरी जाऊन भावकीत सांगतो. म्हणून वाट बघत बसू नये. आपणच विचारावं, आणि ‘सेवा कशी वाटली’ असं नव्हे. त्यावर सगळे ‘बरी आहे की’ म्हणतात. ‘या कामाला आज कितव्यांदा आलात?’ असं विचारावं. उत्तर आकड्यात येतं आणि आकडा भिडेखातर बदलत नाही.

‘रोज बदलत राहिलं तर गोंधळ नाही का होणार?’

होतो, जर आजची पद्धत लिहून ठेवली नसेल तर. आमच्याकडे एक कर्मचारी एक कागद मागायची, दुसरा दोन. ती आमची पहिली खरी डोकेदुखी निघाली. पद्धतच एक नव्हती, मग सुधारायचं काय? आधी सगळ्यांनी बसून आजची पद्धत एका पानावर लिहिली. त्यात बदल करायचा तर एका वेळी एकच, एका आठवड्यासाठी, आणि पानावर तारीख टाकून.

आम्ही काय करून पाहिलं

काउंटरजवळ एक शंभर पानी वही दोरीने बांधली. काम न होता परत गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक रेघ, कारणाच्या खान्यात. कागद अपुरे, नाव जुळत नाही, सहीचा माणूस जागेवर नाही, यंत्र बंद, इतर. आठवड्याच्या शेवटी बघितलं तर ‘यंत्र बंद’ जवळजवळ रिकामं. आम्ही वर्षभर नव्या यंत्रासाठी ठराव करत होतो. सगळ्यात लांब रांग ‘कागद अपुरे’च्या खान्यात होती.

पहिला उपाय फसला. लागणाऱ्या सगळ्या कागदांची मोठी यादी छापून भिंतीवर लावली. कुणी वाचली नाही, कारण ठेव काढायला आलेल्या माणसाला त्यात कर्जाचेही कागद दिसत होते आणि तो घाबरत होता. मग कामागणिक वेगळ्या चिठ्ठ्या केल्या, हाताच्या पंजाएवढ्या, मराठी-कानडी दोन्ही, चित्रांसह. पावती देतानाच ती चिठ्ठी पावतीला टाचायची. दाराजवळ टेबल टाकून शिपाईमामांना बसवलं. रांगेत लागण्याआधी कागद ते बघतात. पहिल्या दिवशी ते संकोचले, ‘मला कुठलं एवढं कळतंय, बाई.’ महिनाभरात चिठ्ठीतली चूक त्यांनीच काढून दाखवली: फोटो किती लागतात ते लिहायचं राहिलं होतं.

फोन करून आधी विचारा, असंही चिठ्ठीवर छापलं. दोन दिवसांत काउंटरवरचा फोन इतका वाजायला लागला की समोरची रांगच थांबली. एका हेलपाट्याच्या जागी दुसरा अडथळा आम्हीच उभा केला होता. फोन आतल्या खोलीत नेला.

‘कागद अपुरे’चा खाना आता बराच आखूड झाला आहे. ‘नाव जुळत नाही’ मात्र तसाच आहे, कारण ती चूक कळते तेव्हा माणूस समोर उभा असतो आणि त्याला पैसे त्याच दिवशी हवे असतात. म्हणून येत्या सोमवारपासून ठेवीची मुदत संपायच्या महिनाभर आधी पावतीवरचं आणि आधारवरचं नाव आम्हीच ताडून बघणार आहोत, आणि फरक दिसला तर गावी फोन करणार आहोत. पहिली यादी काल संध्याकाळी काढली. ‘ज्ञ’ची नावं लाल पेनाने गोल केली आहेत. जांबोटीच्या बाजूची त्यात तीन आहेत. त्यांतल्या एका घरी फोन नाही, तिथे निरोप कसा पोचवायचा ते अजून ठरायचं आहे.